चव ठाऊक नसलेला माणूस

हे मी माझ्या बायकोलाही सांगितलेलं नाही. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर आधी दार लावून घेतलंय. भीती कसली, विचाराल? आजही कुणी तोंडाजवळ येऊन बोललं की मी श्वास रोखून धरतो – वास आला तर?

आम्ही सांगलीचे जैन. घरात मधसुद्धा येत नसे. लढाईच्या दिवसांत मी पाचगणीला एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर कारभारी होतो. विलायतेची वाइन यायची बंद झालेली, म्हणून उरलेल्या बाटल्या तो जिवापाड जपायचा. कोठीची चावी माझ्याकडे – का? हा जैन, हा पिणार नाही.

दोन तांबड्या वाइन एकत्र करायचा त्याला भारी नाद. एक कडक, काळपट, दुसरी मवाळ. जमलेलं मिश्रण तो बाटल्यांत भरून, बूच लावून पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा. मलाही शिकवायचा – पेला उजेडात धर, हलव, वास घे. वास घेण्यात कसलं पाप? मग एकदा बोट बुडवून जिभेला लावलं. मग घोट. जांभळासारखी तुरट, आणि मागाहून ओल्या लाकडाचा वास... खोटं कशाला बोलू, मला ती आवडली. फार आवडली. रोज मिश्रणाच्या बाटलीतली थोडी प्यायचो आणि तेवढीच मवाळ वाइन तीत ओतून ठेवायचो. रोज वाटायचं, आज कळणार, सांगलीला वडिलांच्या कानावर जाणार. तरी थांबलो का? नाही.

एका दुपारी पाहुणे आले. साहेबाने घोट घेतला आणि पेला खाली ठेवला. हे माझं मिश्रण नव्हे, म्हणाला.

त्याने आधी स्वयंपाक्याकडे पाहिलं. गणपत रहिमतपूरचा, वयाने माझ्याहून मोठा. बाजाराच्या दिवशी उघड प्यायचा. गणपत माझ्याकडे वळला. "आवं अण्णा, तुमी तरी सांगा की."

आणि मी म्हणालो, चावी एकदा गणपतकडे राहिली होती. राहिली नव्हती. वर हेही म्हणालो, की साहेब, मला त्यातली चव काय कळणार?

गणपतला त्याच दिवशी काढलं. चोर ठरलेल्याला दुसऱ्या बंगल्यावर कोण ठेवणार? बोचकं घेऊन तो माझ्याकडे आला. मला वाटलं, आता हा मारणार.

"अण्णा, तुमी खोटं बोलणार न्हाई," तो म्हणाला. "मीच नशेत हात घातला असंल. मला आठवंना."

मग तो वाकून माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.