दादाच्या अंगावरची राख

कोल्हापूर-रत्नागिरी एस.टी.त खिडकीची जागा घेऊ नका. आंबा घाटात मळमळणारा प्रत्येक जण तुमच्या मांडीवरून तिकडेच झेपावतो. मी घेतली आणि पावन झालो. पण जाणं भाग होतं. पुतणीचं, सुमनचं पत्र आलं होतं : "काका, बाबा बाळाला शिवत नाहीत. पुढच्या आठवड्यात उष्टावण आहे. तुम्हीच या."

पालीला उतरून कपबशीतला चहा आणि गरम भजी जरूर घ्या. पुढे जांभ्याच्या पायवाटेनं अर्धा तास चढ आहे.

सुमनचा बाप, माझा चुलतभाऊ वसंतदादा पडवीच्या टोकाला बसलेला. वेगळं ताट, वेगळा तांब्या, कपडे वाळत घालायला वेगळी दोरी. आणि भर मेमध्ये गळ्याला मफलर!

"लांब बस रे मेल्या."

दादा बोटीवर खलाशी होता. तीसेक वर्षांपूर्वी भर समुद्रात डेकवर पांढरी राख पडली. दूर कुठेतरी अणुबॉम्बची चाचणी झाली होती. ती राख यानं अनवाणी झाडली. आता गळ्याला गाठ आली, आणि अशा राखेनं वर्षांनंतरही आजार होतात हे पेपरात वाचलं. दादानं घराण्याला शोभेल तोच अर्थ लावला : विटाळ! शिवाशिवीचा आमचा सराव पिढ्यांचा. अणूलाही बिचाऱ्याला त्याच पंगतीबाहेर बसवला.

"ताट घासायला घेतलं तरी ओरडतात," सुमन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याला रत्नागिरीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला.

"आजोबा, ती राख केव्हाच धुऊन गेली. तुमच्या शिवण्यानं बाळाला काही होणार नाही."

"आणि ही गाठ?"

"त्या राखेनं आलेली असू शकते, नसूही शकते. छातीठोक कुणी सांगणार नाही. पण मुंबईला तपासून घ्या, लगेच."

बाहेर पडल्यावर दादा मिरकरवाड्याच्या मासळीबाजारात बांगड्यांच्या भावावरून कोळणीशी असा भांडला, की मला हायसं वाटलं.

उष्टावणाला सुमननं काही न विचारता नात त्याच्या मांडीवर ठेवली. पोरीनं खीर चाखली आणि थेट त्याच्या सदऱ्यावर थुंकली.

"बघ गो बाय, आजाला बाटवलंस!" दादा म्हणाला, आणि सदरा दिवसभर बदलला नाही.

घरी आलो त्याला तीन आठवडे झाले. तिथून आणलेले आंबे संपले, घाटातले डाग निघाले. काल सुमनचं पत्र आलं : गाठ काढणार आहेत, ती कसली ते नंतर कळेल. मी रजेचा अर्ज टाकलाय. या खेपेला एस.टी. मुंबईची.