नजरेनं तापवलेलं पोलाद

सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, सीनियर होममध्ये हलवण्याआधी मी त्यांच्या सहा जुन्या लष्करी रायफलींची यादी केली. नंबर, देश, स्थिती, शेरा. सगळ्यांत चकचकीत होती तिच्यापुढे ‘उत्तम’ लिहिलं.

अमेरिकेत हर्नडनच्या आमच्या गराजमध्ये त्या पाहायला त्यांचे एक मित्र आले. निवृत्त डॉक्टर, तेही संग्राहक. त्यांना नेमकी तीच हवी होती. शनिवारी नातीला नेमबाजीच्या रेंजवर न्यायचं होतं.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवून नंबर वाचला. “ही भिंतीवर लाव. फायर करायची नाही.”

“का? रिसीव्हर फोर्ज केलेला आहे ना, यार?”

रिसीव्हर म्हणजे काडतूस फुटताना त्याचा दाब पेलणारा, तापवून ठोकून घडवलेला भाग. नेम धरणाऱ्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

“ठोकलाय चांगलाच. या नंबरांच्या लॉटचा घोळ भट्टीत झाला. तेव्हा तापमानाचे मीटर नव्हते, कामगार रंग बघून तुकडा बाहेर काढायचा. लख्ख उन्हात लाल लोखंड फिकं दिसतं, म्हणून तो आणखी तापवायचा. वरून छान, आतून काच.”

“शंभर वर्षं टिकलाय की! तुम्ही पुणेकर म्हणजे, स्वतःच्या मालालाही नावं ठेवणार.”

बाबा हसले नाहीत.

“फुटेलच, असं सांगता येतं का?” डॉक्टरांनी विचारलं.

“नाही. तेच तर.” मग रायफलीकडे बघतच म्हणाले, “भोसरीला मी क्रेनचे हुक पास करायचो. एकदा मीटर बंद पडला. म्हटलं, नजर तयार आहे आपली. त्या दिवशी छपराचे पत्रे बदलायला काढले होते, ऊन थेट भट्टीवर. महिन्याभरात त्यातला एक हुक तुटला. खाली माणूस होता.”

“गेला?”

“जागच्या जागी. ओव्हरलोड म्हणून फाइल बंद केली. सही माझीच.”

बावीस वर्षं एका घरात राहून मी हे पहिल्यांदा ऐकत होते. डॉक्टरांनी रायफल हळूच टेबलावर ठेवली आणि बाकीच्या न पाहताच निघाले.

मी ‘उत्तम’ खोडलं. शेऱ्यात लिहिलं, विकायची नाही, रिसीव्हर कापून मोडीत.

“त्या हुकांचा लॉट नंबरही लिहून ठेव कुठेतरी,” बाबा म्हणाले. सात आकडे त्यांनी न अडखळता सांगितले. मी लिहून घेतले आणि त्या माणसाचं नाव विचारलं.

बाबांनी ते सात आकडे पुन्हा म्हटले. नाव त्यांना आठवत नव्हतं.