तोंड वाचणारा गुलाबराव

छत्तीसगडात पोलाद कारखान्याच्या भट्टीच्या पायाचं काम चालू होतं तेव्हा रशियन साहेब काय बोलतो हे तिघांनाच कळे. एक सरकारी दुभाषी, तो नेमका दुसऱ्या गँगकडे गेलेला असे. दुसरा परमेश्वर. आणि तिसरा साखळ्या लावून अवजड माल चढवणारा खलाशी गुलाबराव. गुलाबरावाला रशियन सोडा, धड हिंदीही येत नव्हती. पण साहेबाचं तोंड पाहून तो सोबतच्या भैयालालला सांगे, "थांब बापा. साहेब रागात नाही, भेऊन राहिला. साखळी पाहा." साखळी पाहावी, तर एक कडी उघडलेली निघे.

ही विद्या त्याने तुमसरकडच्या आपल्या गावाहून आणली होती. तिकडे मुलगी पाहायला निघालेले लोक एखाद वेळ सुपारी विसरत, गुलाबरावाला विसरत नसत. पोहे संपेपर्यंत तो मुलीकडे एकदाच पाही आणि उठताना म्हणे, "पोरगी भेऊन राहिली. इथं सोयरिक नको." अशा कितीतरी सोयरिकी त्याने मोडल्या. नवरदेवांच्या शिव्या खाल्ल्या, वर पोह्यांची दुसरी बशीही खाल्ली.

त्याच्या स्वतःच्या घरात तर बोलायची गरजच उरली नव्हती. मीठ संपलं की बायको तुळसाबाई नुसती दारात येऊन उभी राही, आणि गुलाबराव पिशवी उचले. मुलगी वच्छला सतरा वर्षांची झाली. ताप आला, भूक लागली, शेजारणीशी भांडण झालं, यातलं तिला कधी तोंडाने सांगावं लागलं नाही. बाबांकडे पाहिलं की काम झालं.

पुढे कामाची घाई झाली. डबल ड्यूटी लागली. पावर हाउस नावाच्या वस्तीच्या बाजारातला केवलराम पानवाला म्हणाला, "ये वाला पान खा ले दादा, नींद भाग जाही." पानात कोकेन होतं. आधी गुलाबरावाची जीभ बधिर झाली, मग थकवा पळाला, मग सारं जग त्याच्यावर प्रेम करू लागलं. मुकादम, पोस्टमन, चरोद्याच्या रेल्वे फाटकावरची बकरी, जो तो त्याच्याकडे कौतुकाने पाही. पान उतरलं की तीच तोंडं पोळपाटासारखी कोरी. म्हणून दुसरं पान. सहा महिन्यांत तो दिवसाला पाच पानांवर गेला.

एक दिवस साहेब लालबुंद होऊन दोन्ही हात हलवू लागला. गुलाबराव ओरडला, "साहेब खूश आहे! येऊ द्या!" गर्डर उलटा बसला. तो काढायला तीन दिवस गेले.

"ओ हाँसत नइ रिहिस दादा," भैयालाल डोकं धरून म्हणाला, "चिल्लावत रिहिस!"

गुलाबरावाला रंगाचे डबे उघडायच्या कामावर बसवलं. या गोष्टीची लाज त्याला वाटली, पण पान खाल्ल्यावर तीही गेली.

त्याच सुमारास चरोद्याच्या रेल्वे कॉलनीतला देवराव फायरमन वच्छलाला पाहायला आला. त्याची पहिली बायको मार खाऊन माहेरी पळाली होती, असं तुळसाबाईच्या कानावर होतं. पण ते गुलाबरावाला सांगायची तिला गरज वाटली नाही. माणसाचं तोंड पाहतीलच ते, नेहमीसारखे. वच्छला चहा घेऊन आली. तिनेही देवरावाकडे एकदा पाहिलं आणि मग बापाकडे वळून पाहतच राहिली. पापणी हलवली नाही. जेवढं सांगायचं होतं तेवढं सगळं तिने तोंडावर आणून ठेवलं.

गुलाबराव मंगल दिवस म्हणून सकाळपासून दोन पानं जास्तच खाऊन बसला होता.

"पोरगी खूश आहे," तो म्हणाला. "लावा कुंकू."

पाहुणे गेल्यावर तुळसाबाई चुलीपाशी म्हणाली, "अवो, तुमाले दिसलं नाही? पोरगी नाही म्हणून राहिली होती."

"मंग बोलली कावून नाही?"

"कोणापाशी शिकली ती बोलनं? आजही मोडता येते. जा, सांगून या."

"मोडू कावून? तू बी तं हासून राहिली," गुलाबराव प्रेमाने म्हणाला.

तुळसाबाईने पदराने तोंड पुसलं. लग्न वैशाखात झालं.

केवलरामाला पुढे पोलिसांनी नेलं. तुळसाबाईने गुलाबरावाला महिनाभर खोलीत कोंडलं आणि पान सुटलं. नींद आली, भूक आली. तोंडं मात्र आली नाहीत. डोळे, नाक, मिशी सगळं जागच्या जागी दिसे, मजकूर तेवढा दिसत नसे.

पोळ्यानंतर छत्तीसगडच्या लेकी तिजाला, म्हणजे आपल्या हरतालिकेला, माहेरी येतात. तिकडे कामाला गेलेल्या आपल्या मराठी लोकांनीही ती चाल उचलली होती. वच्छला आली. गुलाबराव तिच्यासमोर बसून बराच वेळ पाहत राहिला.

"तुळसा, पोरगी कशी आहे वो?"

"तिलेच पुसा."

"कशी आहेस बाई?"

"बरी आहो, बाबा."

चौथ्या दिवशी देवराव न्यायला आला. वच्छला आईच्या मागे उभी राहिली आणि तिने बापाकडे पाहिलं, अगदी त्या दिवसासारखं, पापणी न हलवता. गुलाबरावाने अलीकडे एक ठरवून टाकलं होतं: कोणतंही तोंड समोर आलं की हसायचं, म्हणजे कोणाचं मन दुखत नाही.

तो हसला. वच्छलाने पेटी उचलली.