वाटेत गोणी फोडायची नाही

शेवंताताई राठोड स्टुडिओत आल्या की आधी भिंतीवरच्या वायरी निरखायच्या, मग आमची तोंडं. एखादी वायर दुमडलेली दिसली तर आमची खैर नसे. यवतमाळात व्हिडिओ एडिटिंगची दुकानं पुष्कळ, पण लग्नाच्या कॅसेटी कापता कापता माहितीपटापर्यंत पोचलेली बाई ही एकच. त्यांच्या हाताखाली शिकलो, हे मी आजही कॉलर ताठ करून सांगतो.

बाभुळगावकडच्या आपल्या तांड्यावर त्यांनी आईच्या भरतकामावर फिल्म केली. आईला त्या 'याडी' म्हणायच्या. काम मुंबईच्या एका संस्थेचं. चित्र अनकम्प्रेस्ड एचडी, म्हणजे जराही न दाबलेलं हवं, ही संस्थेची अट. ताईंना तर तेच हवं होतं. दाबलेल्या चित्रात याडीचे बारीक टाके एकमेकांत मिसळून नुसते डाग दिसतात.

घोडं अडलं ते नेटवर्कपाशी. सगळं फुटेज एका सर्व्हरवर आणि एडिटिंगला आम्ही तिघं. आमची एक गिगाबिटची लाइन असल्या एका चित्रानंच भरून जायची. दुसऱ्यानं प्ले दाबलं की दोघांच्याही पडद्यावर याडीचा हात सुई धरून हवेत थांबायचा. संस्थेच्या साहेबांनी फोनवर सुनावलं, "यवतमाळात जमत नसेल तर फुटेज मुंबईला पाठवा. आठवडाभर थांबतो."

ताईंचा चेहरा उतरलेला मी तेव्हाच काय तो पाहिला. मी म्हणालो, "ताई, थोडं कम्प्रेस करू. कोणाले कळते?"

त्या उसळल्याच. "माह्ये पणजोबा बैलाच्या पाठीवर मीठ नेत. गोणी जशी भरली तशीच मालकाच्या दारात उतरवत. ओझं जड झालं म्हणून वाटेत गोणी फोडाची नाही, बाबू. वाट रुंद कर!"

नागपूरहून दहा गिगाबिटचा, म्हणजे दहापट रुंद वाटेचा नेटवर्क स्विच, संगणकांत बसवायची कार्डं, नव्या वायरी आल्या. पदर खोचून ताई स्वतः शिडीवर. "काहून पाहून राह्यले? वायर पकडा ना!" जोडणी झाली आणि तिघांनी एकदम प्ले दाबलं. तिन्ही पडद्यांवर सुई सरसर चालू लागली. ताईंनी लगेच चहा सांगितला, तोही सगळ्यांना स्पेशल.

फिल्म यवतमाळातच पूर्ण झाली. पहिल्यांदा दाखवली ती तांड्यावर, मोठ्या पडद्यावर, मुंबईचे साहेबही आले होते. मध्येच याडी उठल्या, पडद्याजवळ गेल्या आणि भरतकामातल्या एका आरशाच्या कडेला बोट टेकवलं.

"शेवंता, इथं माहा टाका चुकला व्हता. आजवर कोणाले दिसला नाही!"

तांडा हसून हसून लोळला. ताईंचे मात्र डोळे भरले. माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाल्या, "पाह्यलं? चूकबी शाबूत पोचवली आपण!"