कटर कुठल्या बाजूला

पाण्याखाली कासवताईचा हात वस्तू शोधायला जात नसे, घ्यायला जात असे. डाव्या छातीवर कटर, उजव्या छातीवर टॉर्च, उजव्या कमरेला पाण्यात लिहायची पाटी आणि पाटीलाच बांधलेली पेन्सिल, डाव्या खिशात वर येताना फुगवायचा नारिंगी फुगा. जॅकेटला दोन्ही बाजूंनी सारख्याच कड्या असतात, कुणी काय कुठे अडकवावं याला कायदा नाही. पण तिचा कायदा हाच होता, आणि डाइव्हिंग शिकायला येणाऱ्यांना ती तो पहिल्याच दिवशी ऐकवायची.

"अंगावर लोंबतं काही नको. लोंबलं की अडकतं, आणि अडकलं की एक तर ती वस्तू तुटते नाहीतर तुम्ही. प्रत्येक वस्तूला घर द्या आणि ते बदलू नका. खाली डोळ्यांवरची काच धुरकटते, घाबरलं की डोकं होडीतच राहतं. हात तेवढा शहाणा ठेवा."

कासवताई हे नाव होडीवाल्यांनी ठेवलेलं. सावकाश चालणारी, पाठीवर टाकीचं ओझं, आणि घाई कर म्हटलं की मान आत ओढून घेणारी. आधी ती रागावली होती, मग नाव अंगवळणी पडलं. धक्क्यावर तिचं खरं नाव आता कुणाला आठवतही नसेल.

नवरा न्हावी. सलून विकून घरी बसल्यावर चार दिवस त्याने भिंतींकडे पाहिलं आणि पाचव्या दिवशी बायकोचं जॅकेट ताब्यात घेतलं. रोज संध्याकाळी टबात गोडं पाणी भरायचं, एकूण एक वस्तू काढून बुडवायची, क्लिपांच्या स्प्रिंगमध्ये अडकलेलं मीठ जुन्या ब्रशने काढायचं, पुसायचं आणि सगळं पुन्हा जागच्या जागी लावायचं. "इतकी वर्षं लोकांची डोकी सांभाळली, आता तुझी छाती सांभाळतो," असं तो चारचौघांत म्हणायचा आणि ती त्याला डोळ्यांनी दटावायची. त्याच्या हाताने लागलेली क्लिप कधी सुटली नव्हती. यंदा त्यांनी अंगणाचं घर सोडून धक्क्याजवळ दोन खोल्या घेतल्या, तरी त्याचं हे काम सुटलं नाही. टब फक्त अंगणातून न्हाणीघराच्या दारात आला.

नव्या घरात सामान अजून नीट लागलंही नव्हतं, तेव्हा ते घडलं. तिच्याबरोबर खाली उतरलेल्या एका पाहुण्याच्या पायातल्या फिनमध्ये मासेमारीची जुनी तंगूस, नायलॉनची दोरी, गुरफटली. रोजचाच प्रकार. कासवताईने त्याला हाताने थांब म्हणून सांगितलं आणि कटरकडे हात नेला. हातात टॉर्च आली.

तिने टॉर्च सोडून पुन्हा चाचपलं. पुन्हा टॉर्च. पाहुणा पाय झाडायला लागला तशी तंगूस दुसऱ्या पायाला लागली. तिचा हात पट्ट्यावरून खाली गेला, वर आला, मग पलीकडे गेला आणि कटर उजव्या छातीवर सापडलं. तिने तंगूस कापली. वर आल्यावर पाहुणा म्हणाला, "काय शांतपणे केलंत हो तुम्ही." ती हसली. पण होडीच्या फळीवर बसल्यावर तिने आधी दोन्ही वस्तू जागच्या जागी लावल्या.

घरी आल्यावर तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, कटर कुठे लावता तुम्ही?"

"हे काय विचारणं झालं?" नवरा म्हणाला. "डावीकडे. कायम लावतो तिथेच." आणि त्याने स्वतःच्या डाव्या छातीवर थाप मारून दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघराच्या दारावर टांगलेल्या जॅकेटसमोर ती उभी राहिली. कटर डाव्या हाताला, टॉर्च उजव्या हाताला. बरोबर. तिने मनाशी दोनदा म्हटलं, डावीकडे आहे, डावीकडे आहे. मग जॅकेट पिशवीत भरलं, होडीवर टाकीला बांधलं, पाहुण्यांचे पट्टे आवळण्याच्या गडबडीत अंगावर चढवलं आणि पाण्यात उडी घ्यायच्या आधी छातीवर हात फिरवला. कटर उजवीकडे.

पायाखालची फळी हलली, आणि ती होडीच्या हेलकाव्याने हलली असं तिला वाटेना. सकाळी आपण डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मधे कुणी बदललं? पिशवीला तिच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता. म्हणजे आपणच बदललं आणि विसरलो? की सकाळी पाहिलंच नाही, नुसतं पाहिल्यासारखं वाटलं? तिने तिथेच क्लिपा काढून वस्तूंची अदलाबदल केली आणि उडी मारली. खाली मासे बघता बघता ती त्यांच्याऐवजी आपल्या छातीकडेच बघत राहिली.

असं रोज व्हायला लागलं. सकाळी डावीकडे, होडीवर उजवीकडे. ती रोज बदलायची आणि घरी ताकास तूर लागू द्यायची नाही. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा भलतीकडे, मग किल्ल्या पिठाच्या डब्यात, मग एक दिवस पोटच्या मुलीला "तुम्ही कुणाकडे आलात?" असं अगदी आदराने विचारलं होतं. आई निदान जमिनीवर होती. आपल्या भरवशावर लोक पाण्याखाली येतात. उद्या कुणाची हवा संपली आणि आपण भलतीच वस्तू त्याच्यापुढे धरली तर?

त्यात मुलीचे फोन. मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला, एरवी आठवड्यातून एकदा दोन मिनिटं बोलणारी. ती आता रोज फोन करायला लागली.

"आई, काल काय जेवलीस गं?"

"का? तुला पाठवू?"

"सांग ना. आणि परवा?"

"परवा तुझ्या बापाने केलं होतं, ते विसरायचा प्रयत्न करतेय."

पलीकडे मुलगी हसली नाही. "विसरलीस?" असं हळूच म्हणाली. कासवताईच्या मनात पाल चुकचुकली. हिलाही जाणवलं तर. फोनवरूनसुद्धा कळायला लागलं? नवराही हल्ली तिच्याकडे टक लावून बघत असे आणि तिने वर पाहिलं की ब्रश घेऊन क्लिपांना लागत असे.

शेवटी ती मालकाकडे गेली. मालक म्हणजे एके काळचा तिचाच विद्यार्थी, तिच्याच हाताखाली शिकून डाइव्हिंगचं दुकान काढलेला. तो फाटका सूट शिवत बसला होता.

"मी थांबावं म्हणते," ती म्हणाली. "या आठवड्यापासून पाहुणे दुसऱ्या कुणाला दे."

तो नको म्हणेल, निदान का म्हणून विचारेल, अशी तिची समजूत होती. त्याने सुई बाजूला ठेवली आणि म्हणाला, "बरं झालं ताई, तुम्हीच विषय काढलात."

ती घरी चालत आली ती कुठल्या रस्त्याने, तिचं तिलाच कळलं नाही. त्यानेही पाहिलं होतं. काय पाहिलं होतं? विचारायला हवं होतं, पण विचारायचं धाडस तिच्या अंगात उरलं नव्हतं.

घरात नवरा न्हाणीघराच्या दारासमोर स्टुलावर बसून क्लिपा लावत होता. तिने चप्पलही काढली नाही.

"राहू द्या ते. उद्यापासून लागणार नाही."

"का?"

"सोडलं मी."

त्याचा हात थांबला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण आश्चर्य नव्हतं, आणि ते बघून तिचं टाळकंच सरकलं.

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक होतं."

"अगं, रोज संध्याकाळी बघतो ना मी," तो खाली मान घालून म्हणाला. "मी सगळं जागेवर लावून देतो आणि तू उलटं करून आणतेस. कटर तिकडे, टॉर्च इकडे. आधी वाटलं, गंमत करतेस. मग भीती वाटली. तुझ्या आईचं आठवलं."

"मी उलटं करते? अहो, तुम्ही उलटं लावता म्हणून मी होडीवर सुलटं करते."

"मी डावीकडेच लावतो."

"मग मला उजवीकडे कसं सापडतं?"

"हे बघ, आत्ता लावलंय. कुठे आहे कटर?"

"डावीकडे," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय? सकाळीही डावीकडेच असतं. तेच तर म्हणतेय मी. अंगात घातलं की उजवीकडे जातं."

"वस्तू आपण होऊन जातात?"

"मला माहीत असतं तर मी नोकरी सोडली असती का?"

दोघं जॅकेटकडे बघत राहिले. जॅकेट दारावर छाती पुढे काढून टांगलेलं, जणू घरात तिसरं माणूस उभं होतं आणि या दोघांचं भांडण ऐकत होतं. नवऱ्याने बोट उचलून आधी कटर दाखवलं, मग स्वतःची छाती, मग पुन्हा कटर. मग तो स्टुलावरून उठला.

"एक मिनिट," तो म्हणाला. "गिऱ्हाईक माझ्याकडे तोंड करून बसलंय."

"काय?"

"अगं, जन्मभर मी गिऱ्हाइकाच्या पाठीमागे उभा राहिलो. त्याचा डावा कान तो माझा डावा हात. जुन्या घरी अंगणात तारेवर तुझं जॅकेट माझ्याकडे पाठ करून असायचं. मी मागून हात घालून लावायचो. इथे ते दाराला पाठ लावून बसलंय. हात बिचारे तेच करतायत, समोरचा फिरलाय."

त्याने जॅकेट खुंटीवरून काढलं, दाराकडे तोंड करून टांगलं आणि त्याच्यामागे उभा राहिला. मग वाकून दोन्ही बाजूंनी पुढे पाहिलं. कटर उजवीकडे होतं.

त्याने कटरला बोटाने टिचकी मारली. मग त्याला हसू फुटलं. तिलाही फुटलं, आणि हसता हसता ती दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली. तो गोंधळून तिच्याकडे बघत उभा राहिला. पाणी द्यावं की पाठीवर हात ठेवावा हे न कळून त्याने तिच्या हातात पुसायचं फडकं दिलं.

मग एकेक धागा सुटत गेला. संध्याकाळी जॅकेट बघून त्याने मुलीला सांगितलं होतं. मुलीने घाबरून मालकाला फोन केला होता. मालकाने स्वतः काहीच पाहिलं नव्हतं, फोनवर ऐकलं तेवढंच. तिघांनी मिळून तिच्या डोक्याची काळजी केली होती आणि सगळ्यांचा पुरावा एकच, न्हाणीघराच्या दाराची खुंटी.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडला नाही. अंथरुणावर पडल्यावर तिला जॅकेटच्या खांद्यावरची हवेची नळी आठवली. ती नळी नेहमी डाव्या खांद्यावर असते, कुठल्याही जॅकेटला. रोज सकाळी ती कटरच्या विरुद्ध बाजूने तिच्याकडे बघत होती. एका नजरेत कळायला हवं होतं की जॅकेट आपल्याकडे तोंड करून आहे. किती जणांना तिने शिकवलं होतं, नळी दिसली की डावी बाजू समजा. मग तिला स्वतःला का दिसली नाही? भीतीमुळे? की भीती खरी होती म्हणून? नवऱ्याचं ठीक आहे, तो न्हावी. आपण?

आणि राग यावा तर कुणाचा, हेही समजेना. सगळ्यांनी चांगल्यासाठीच केलं होतं. तिच्या पाठीमागे केलं होतं.

सकाळी परीक्षा द्यायला जाते, एवढंच नवऱ्याला सांगून ती पुन्हा दुकानात गेली. मालकाला सगळं सांगितलं. तो आधी खो खो हसला, मग मुलीच्या फोनबद्दल ओशाळून काहीबाही बोलायला लागला.

"माफी नको," ती म्हणाली. "माझ्याबरोबर खाली चल. माझ्या काचेला आतून कागद लाव. तू खुणा कर आणि मी वस्तू देते. एक जरी चुकली तरी मी थांबते."

"ताई, आता काय गरज आहे? कळलं ना कारण."

"तुला कळलं. मला नाही कळलं."

पाहुणे नसलेल्या उथळ जागी ते उतरले. काचेआड अंधार, कानात फक्त स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे. मालकाने मनगट दाबलं की टॉर्च, कोपर दाबलं की कटर, खांदा दाबला की पाटी, असं वरच ठरलं होतं. पहिल्यांदा कोपर दाबलं गेलं तेव्हा तिच्या मनात डावं-उजवं यांची अशी काही झुंज लागली की हात हवेत, म्हणजे पाण्यातच, अडकून राहिला. मग तिने ठरवणं सोडून दिलं. हात आपला गेला. कटर. मग मनगट. टॉर्च. खांदा, पुन्हा कोपर, पुन्हा मनगट. त्याने वेग वाढवला, मधेच तिला गोल फिरवलं, डोकं खाली केलं. हात जात राहिला. पाटी देताना तिने पेन्सिलही दिली, जी त्याने मागितली नव्हती.

वर आल्यावर तो तोंडातली नळी काढून म्हणाला, "उद्या चौघंजण आहेत. येताय ना?"

"येते," ती म्हणाली. आणि मग म्हणाली, "पण ती पहिली वेळ. हात थांबला होता माझा."

"मला नाही दिसलं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. खरंच दिसलं नव्हतं की चांगल्यासाठी बोलत होता, ते ओल्या चेहऱ्यावरून ओळखता येत नव्हतं.

घरी परतताना तिने ठरवलं, आजपासून जॅकेट आपण धुवायचं, आपण लावायचं. वाक्यही जुळवलं. तुम्हाला उगाच त्रास, असं सुरू करायचं. दार उघडलं तर टब भरलेला, ब्रश, फडकं हाताशी, आणि नवऱ्याने न्हाणीघराच्या दारावर एक जुना हँगर उलटा लावून ठेवलेला, जॅकेटचं तोंड दाराकडे राहील असा. स्टूल जॅकेटच्या पाठीकडे.

"पास?" त्याने विचारलं.

"तो म्हणतो पास."

"आण मग इकडे."

तिने वाक्य आठवून पाहिलं. मग पिशवी त्याच्या हातात दिली आणि चहा टाकायला आत गेली. पाणी तापेपर्यंत पलीकडून क्लिपा मिटल्याचे आवाज येत होते, एक, मग जरा थांबून दुसरा. कुठल्या बाजूची क्लिप ते आवाजावरून कळत नाही. ती तिथेच उभी राहिली आणि बघायला गेली नाही.