चांगुणाबाईंच्या आदरांजलीचं भाषण

उमरग्यात सर्वधर्म संवादाचा कार्यक्रम असला की भागवत गुरुजींना बोलावणं ठरलेलंच. तीस वर्षं हायस्कुलात संस्कृत शिकवून निवृत्त झालेला माणूस. गीता तोंडपाठ. बायबल मराठीतून दोनदा वाचलेलं. कुराणाच्या भाषांतरात पेन्सिलीनं खुणा केलेल्या. धम्मपदातल्या गाथाही ते सुरात म्हणत. भाषणाचा शेवट कधी बदलत नसे: सगळे धर्म अखेर एकच सांगतात. हे ते अगदी मनापासून म्हणत, त्यात ढोंग नव्हतं. म्हणूनच पुढं जे झालं, ते त्यांना फार लागलं.

त्यांचे सकाळच्या फिरण्याचे सोबती होते कोंडिबा, एका दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. गुरुजींना मधुमेह निघाला तेव्हा पहिली सुई कोंडिबांनीच टोचली होती, तेव्हापासूनची ओळख. दोघं हायवेच्या कडेनं चालत, मग हॉटेलात चहा घेत. गुरुजी बोलत, कोंडिबा ऐकत. कोंडिबा बौद्ध, शिवाय वयानं तीन वर्षांनी मोठे. तरी ते गुरुजींना ‘तुमी’ म्हणत आणि गुरुजी त्यांना ‘तू’. वीस वर्षांत हे गुरुजींच्या ध्यानातही आलं नव्हतं.

गेल्या जानेवारीत कोंडिबांच्या पत्नी चांगुणाबाई गेल्या. सातव्या दिवशी घरापुढं मांडव घालून बौद्ध रीतीनं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठेवला होता. भंतेजींनी त्रिशरण, पंचशील दिलं. मग आदरांजलीसाठी एकेक जण उठू लागला. कोणीतरी गुरुजींचं नाव घेतलं आणि त्यांच्या हातात माइक आला.

माइक हातात आला की गुरुजींना विचार करावा लागत नसे. ते म्हणाले, “चांगुणाबाई पुण्यवान. त्यांचा आत्मा आज वैकुंठाला पोचला असेल. आणि बुद्ध तरी कोण? विष्णूचाच नववा अवतार! म्हणजे आपण सगळे एकाच घरचे.”

एरवी इथं माना डोलायच्या. आज मांडव गारठला. भंतेजींनी डोळे मिटून घेतले. चांगुणाबाईंचे भाऊ बलभीम ताडकन उठले, चपला पायात सरकवल्या आणि मागं न बघता मांडवाबाहेर पडले. कोंडिबा सावकाश पुढं आले. गुरुजींच्या हातातून माइक घेत हळूच म्हणाले, “गुरुजी, जेवून जावा.”

गुरुजी जेवले. उठून जायची छाती होईना. हात धुताना पाणी घालायला कोंडिबांची नात आली, श्रावस्ती. धाराशिवला वकिलीचं शिकत होती.

“गुरुजी, एक विचारू? आजी मरणाबद्दल काय मानायची, माहीत होतं तुम्हाला?”

गुरुजी धुतलेलेच हात पुन्हा धूत राहिले.

“शेवटच्या आठवड्यात रोज सांगायची, ‘म्या मेल्यावर मला कुटं धाडू नका. इथंच होती, इथंच राबली, इथंच संपली म्हणा.’ तिच्या वडलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. बुद्ध विष्णूचा अवतार आहे असं मानणार नाही, ही दीक्षेतली प्रतिज्ञा तिला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून पाठ होती. आणि तुम्ही तिच्याच मांडवात...”

“मला माहीत नव्हतं गं, बाळ,” गुरुजी पुटपुटले.

घरी जाताना अर्ध्या वाटेवर त्यांचे पाय थबकले. माहीत होतं. दहाएक वर्षांपूर्वी हॉटेलात कोंडिबांनी कपबशी खाली ठेवून सांगितलं होतं, “गुरुजी, ते अवताराचं तेवढं बोलत जाऊ नका. आमाला लई टोचतंय.” त्यावर गुरुजी हसले होते आणि अर्धा तास पुराणातले दाखले देत बसले होते. कोंडिबा पुन्हा त्या विषयावर बोलले नव्हते. त्यांना पटलं, असं गुरुजींनी धरून चाललं होतं. आणि आज, आजीच्या दुःखात असलेल्या पोरीशी ते चक्क खोटं बोलले होते.

चार दिवस गुरुजी फिरायला गेले नाहीत. पत्नी गजराबाईंनी विचारलं, “बरं वाटत न्हाय का?” त्यांना सांगायचीही गुरुजींना लाज वाटली. पाचव्या दिवशी ते कोंडिबांच्या दारात उभे राहिले. रात्रभर वाक्यं जुळवली होती.

“कोंडिबा, तुम्ही मला सांगितलं होतं,” ते एवढंच म्हणाले.

‘तुम्ही’ ऐकून कोंडिबांनी वर पाहिलं. “आठवतंय व्हय तुमाला?”

“मग नंतर का गप्प राहिलात?”

“बोललो असतो तर तुमी यायचं बंद केलं असतं. आमच्यासंगं बसून चहा पिणारे तुमच्यातले होते किती?” कोंडिबांचा आवाज चढला नाही. “गुरुजी, एकाच घरचे म्हणताना तुमाला बरं वाटतं. पण त्या घरात आमची खोली कंची, ते तुमीच ठरवता. आमी ते घर सोडून आलो न्हवं का?”

गुरुजींना वर बघवेना. कोंडिबा वाईट बोलले असते तर सोपं गेलं असतं.

त्यांनी श्रावस्तीला बोलवायला सांगितलं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “मी त्या दिवशी खोटं बोललो. मला माहीत होतं. तुझ्या आजोबांनी सांगितलं होतं, मीच ऐकलं नाही,” गुरुजी म्हणाले. काही हरकत नाही, असं ती म्हणेल अशी त्यांना आशा होती. ती म्हणाली, “सांगितलंत ते बरं केलंत,” आणि आत गेली.

फेब्रुवारीत एका कॉलेजातून धर्मसंवादावरच्या व्याख्यानाचं बोलावणं आलं. गुरुजींनी नाही म्हणून कळवलं. माझ्याऐवजी तुम्ही बोला, असं कोंडिबांना सुचवून पाहिलं. ते म्हणाले, “आता मला कशाला पुढं करताय?” यातही आपण परस्पर ठरवूनच टाकत होतो, हे गुरुजींना घरी आल्यावर उमगलं.

दोघं परत फिरायला जातात. गुरुजी आता विचारतात. मन म्हणजे काय, अनित्य म्हणजे काय, आत्मा नाही तर पुढं काय उरतं. कोंडिबा कधी सांगतात, कधी “मलाबी नीट ठावं न्हाय” म्हणतात. मधेच गुरुजींच्या ओठावर एखादा श्लोक येतो. ते तो गिळतात.

बलभीम मात्र अजून बोलत नाहीत. सोमवारी बाजारात दिसले. गुरुजींनी थांबून हात जोडले. बलभीम शेपूची जुडी निवडत होते. त्यांनी पाहिलं, जुडी पिशवीत टाकली आणि पुढच्या गाड्याकडं वळले. गुरुजी जोडलेले हात खाली घेऊन तिथंच उभे राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, “सरका की वो गुरुजी, वाट द्या.”