बंद काडतुसांतली दारू

हिलरी लोपीस मस्कतला दारूचं काम करतो, असं वसईतल्या एखाद्या लग्नघरात कुणी म्हटलं की हमखास हशा पिकायचा. हिलरीही हसायचा. नाताळातल्या ग्लासभर वाइनपलीकडे त्याची मजल नव्हती. त्याची दारू बंदुकीची.

अल खौदच्या पलीकडे, उघड्याबोडक्या डोंगरांच्या पायथ्याशी एक नेमबाजी क्लब होता. तिथल्या मागच्या खोलीत तो पोलिसांच्या परवानगीने पिस्तुलाची काडतुसं भरायचा. उडवून झालेल्या पितळी नळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, बुडाशी ठिणगी देणारी नवी टोपी बसवायची, तोलून दारू घालायची आणि वरून गोळी दाबून बसवायची. ऐकायला सोपं. पण त्यात घाई करणाऱ्याचं काही खरं नसतं. त्याआधी तो मस्कतच्याच गाला भागातल्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. क्लब चालवणारे नबील साहेब लष्करातून निवृत्त झालेले ओमानी गृहस्थ. एकदा पिस्तुलाचा एक बारीक भाग दुरुस्त करायला ते तिथे आले, हिलरीचं काम बघत उभे राहिले आणि त्याला क्लबात घेऊनच गेले. तेव्हापासून ते त्याचे अर्बाब, म्हणजे मालक.

सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग नेहमीची दारू यायची बंद झाली. जगात कुठेकुठे लढाया पेटलेल्या, तिकडे तोफांनाच दारू पुरेना, तर क्लबवाल्यांना कोण विचारतो. बऱ्याच खटपटीनंतर तीन नव्या जातींचे नमुने मिळाले.

त्यांची परीक्षा घ्यायला उमामा होती. क्लबातली सर्वांत चांगली नेमबाज. घर बलुची, त्यामुळे हिंदी सफाईदार, आणि हिलरीला ती ‘अंकल’ म्हणायची. हिवाळ्याच्या शेवटी राष्ट्रीय संघाची निवड व्हायची होती आणि तिला तिच्या पिस्तुलाला साजेशी काडतुसं हवी होती. हिलरी थोडी थोडी भरून द्यायचा, ती गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रावरून उडवायची, आणि मग दोघं रिकाम्या नळ्या हातात घेऊन बसायचे.

पहिली दारू नीट जळतच नव्हती. नळ्या काजळीने माखायच्या आणि न जळलेले कण तिच्या मनगटावर उडायचे. दुसरी फुगीर होती. हिलरीला ती मनापासून आवडली, कारण चुकून एका नळीत दोनदा पडली तर ती काठोकाठ येऊन बाहेर सांडते, आंधळ्यालासुद्धा कळावं. पण सकाळी बरी वागणारी ही दारू दुपारी ऊन चढलं की बिथरायची. गोळ्या वर चढायच्या, हाताला झटका बसायचा.

तिसरी बारीक, काळी, जड. थंडीत, उन्हात तिचा वेग एकसारखा. तिच्यामुळे उमामाच्या गोळ्या कागदावर एकमेकींना चिकटून बसायला लागल्या.

“अंकल, हीच,” उमामा म्हणाली.

“ही फार थोडी लागते,” हिलरी म्हणाला. “नळीच्या तळाशी जाऊन बसते. दोनदा पडली तरी बाहेरून दिसायची नाही. पिस्तूल हातात फुटेल.”

“तुम्ही बघताय ना?”

तो बघत होता, हे खरं. प्रत्येक नळी दिव्याखाली धरून आत डोकावल्याशिवाय त्याने कधी गोळी बसवली नव्हती. त्याने तिसरी दारू नक्की केली आणि निवडीसाठी लागणारी सगळी काडतुसं भरून ठेवली.

त्यानंतरच्या शुक्रवारी, तिथल्या सुट्टीच्या दिवशी, तो गाला भागातल्या चर्चमध्ये मिसेला बसला होता. समोरच्या भिंतीवर फरशीच्या सरळ रेघा होत्या. त्यातली मधली रेघ त्याला वाकलेली दिसली. त्याने मान हलवली, तर वाकही त्याच्याबरोबर सरकला. डावा डोळा झाकला, तर रेघेच्या मधोमध राखाडी डाग.

बायकोला, ब्रिजेटला, त्याने बाहेर पडताना सांगितलं. ती मदिनत सुलतान काबूसमधल्या एका शाळेच्या ऑफिसात काम करायची, बोलण्यापेक्षा हालचालीवर तिचा विश्वास. तिने दुसऱ्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज आहे, इंजेक्शनं घ्यावी लागतील. गेलेली नजर पूर्ण परत येईल असं सांगता येत नाही. डाव्या डोळ्यातही सुरुवात आहे.

“हे कधीपासून असेल?” हिलरीने विचारलं.

“हळूहळू होतं. मेंदू भरून काढत राहतो, त्यामुळे माणसाला कळत नाही.”

गाडीत ब्रिजेट इंजेक्शनांचं बोलत होती, त्याची मुलगी मेलिसा मागच्या सीटवरून “डॅडी, इट्स... म्हणजे, बरं होईल ना?” असं अडखळत विचारत होती. हिलरीला मात्र डोळ्यासमोर फक्त नळ्या दिसत होत्या. मेंदू भरून काढतो. मग आपण त्या नळ्यांत खरंच डोकावलो होतो, की आत जे असायला हवं ते मेंदूनेच दाखवलं?

तो नबील साहेबांकडे गेला. उमामा तिथेच बसली होती.

“अर्बाब, ती काडतुसं द्यायची नाहीत,” तो म्हणाला आणि डोळ्याचं सगळं सांगितलं.

नबील साहेबांनी चहाचा पेला खाली ठेवला. “एखाद्यात चूक सापडली?”

“नाही.”

“मग?”

“चूक नाही, असं मला सांगता येत नाही.”

“वजन करून बघ.”

“पितळेच्या वजनातच इतका फरक असतो की दारूचा फरक त्यात बुडून जातो. एकदा बंद झालं की बाहेरून काही कळत नाही.”

“तोडून बघ मग.”

“तोडलं की काडतूस बाद. पुन्हा भरायला हवं. आणि भरणार कोण?” परवान्यावर एकट्या हिलरीचं नाव होतं.

उमामा म्हणाली, “मी उडवते. माझा भरवसा आहे.”

“माझा नाही,” हिलरी म्हणाला.

“अंकल, याच काडतुसांवर मी सगळा सराव केलाय. आता विकतच्यांवर हात बसायला वेळ कुठे आहे?”

जिला मुलीसारखं मानलं तिच्या हातात तो संशय देऊ शकत नव्हता, आणि संशयाशिवाय त्याच्याजवळ द्यायला काही उरलं नव्हतं. नबील साहेब इन्शाल्ला म्हणतील आणि तिला जाऊ देतील, असं क्षणभर त्याला वाटलं. त्यांनी चहाचा पेला बाजूला सारला.

“खलास, विषय संपला,” ते म्हणाले. “विकतची घ्या.”

निवडीच्या दिवशी हिलरी मागच्या बाकावर बसला होता. लक्ष्य त्याला दिसत नव्हतंच. तो उमामाच्या खांद्याकडे बघत होता. दर गोळीनंतर तो खांदा जरा उशिरा जागेवर येत होता. विकतच्या काडतुसाचा झटका वेगळा, हे त्याला तिथून कळत होतं, आणि उठून करण्यासारखं काहीच नव्हतं. उमामा थोडक्यात राहिली. संघात दुसऱ्या मुलीचं नाव लागलं. उमामाने पिस्तूल पेटीत ठेवलं, सर्वांशी हात मिळवला आणि भावाच्या गाडीत बसून गेली.

पुढच्या आठवड्यात पोलिसांच्या माणसासमोर ती काडतुसं नष्ट करायची ठरली. हिलरीने आधी ती उघडायची परवानगी मागितली. हातोडीसारख्या एका अवजारात काडतूस अडकवून ठोकायचं, की गोळी आणि दारू सुटून येते. तो ठोकत होता आणि क्लबातला जुनैद प्रत्येकाची दारू वेगळी काट्यावर घालून आकडा मोठ्याने वाचत होता. पहिल्याची बरोबर. दुसऱ्याची बरोबर. डबा अर्धा झाला. सगळ्यांची बरोबर.

हिलरीला वाटायला लागलं, एक तरी चुकीचं निघावं. असलं काही मनात यावं याची त्याला लाज वाटली, तरी प्रत्येक ठोक्याला ते येतच राहिलं.

केव्हातरी उमामा दारात येऊन उभी राहिली होती. जुनैद आकडे वाचतच होता. शेवटचं काडतूस ठोकून झालं.

“सगळी बरोबर?” तिने विचारलं.

“सगळी,” हिलरी म्हणाला.

ती आत येऊन स्टुलावर बसली. टेबलावर गोळ्यांचा ढीग होता, त्यातली एक तिने बोटांत फिरवली. “मला तुमचा राग येतोय, अंकल. येऊ नये असंही वाटतंय. घरी सगळे सांगतात तुम्ही योग्य केलंत. मलाही कळतं. पण येतोय.”

“येऊ दे,” तो म्हणाला.

“तुम्हाला नीट दिसलं होतं की नाही, हे तुम्हालाच माहीत नव्हतं ना?”

“नव्हतं. अजूनही नाही. दारू बरोबर निघाली, पण मी बघितलं म्हणून, की नशिबाने, ते या काट्यावर कळत नाही.”

ती गेली. तिने येणं सोडलं नाही, पण खोलीकडे यायचं कारणच उरलं नाही. परवाना रद्द झाला, यंत्रं कपड्याखाली झाकली गेली, तिसऱ्या जातीची उरलेली दारू पोलीस घेऊन गेले. नबील साहेबांनी हिलरीला पुढच्या काउंटरवर बसवलं. कानाला लावायची कव्हरं द्यायची, घ्यायची, पुसून ठेवायची. तुला घालवणार नाही, एवढंच ते म्हणाले, आणि त्याला तेही पुष्कळ होतं.

इंजेक्शनांनी डाग थांबला, गेला नाही. एका खेपेला त्याने डॉक्टरांना विचारलंच, की काडतुसं भरली त्या दिवसांत मला नळीचा तळ दिसत असेल का. डॉक्टरांनी पडद्याचे फोटो पुन्हा पाहिले. दिसतही असेल, नसेलही, ते म्हणाले. आता सांगणं शक्य नाही.

ब्रिजेट बाहेर थांबली होती. “काय म्हणाले?”

“पुढच्या महिन्यात या म्हणाले.”

तिने त्याचा दंड धरला, पायऱ्या आल्या तेव्हा “पायरी” म्हणाली, आणि दोघं गाडीकडे गेले.